खाऱ्या पाण्याच्या गावात फिल्म धुताना: डाग न पाडता रोल कसा वाळवायचा

घरी धुतलेला माझा पहिला रोल पोळ्याचा होता. छत्तीस फोटो, त्यातले तीस तरी बैलांचे. डेव्हलपर नीट बसला, फिक्सरमधून निगेटिव्ह स्वच्छ निघाल्या, रोल दोरीला टांगला तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. दोन तासांनी जाऊन पाहतो तर वरपासून खालपर्यंत पांढुरके गोल. कोणी चुन्याच्या निवळीचे शिंतोडे उडवावेत तसे. स्कॅन केल्यावर आणखीच रडू आलं. शेजारच्या काकांचा काळाभोर बैल, झूल-बाशिंग घालून ऐटीत उभा, आणि पाठीवर कांजिण्या आल्यासारखे ठिपके.

मी केमिकलला शिव्या घालत बसलो होतो. माय चहाचं गंज (पातेलं) घासता घासता म्हणाली, "अरे, या गंजाले पाह्य ना एकदा. याच पाण्यानं धुतलं नं तुनं? मंग डाग नाही पडीन तं काय होईन?"

गंजाच्या आतल्या बाजूला पांढरा थर होता. रोज पाहत होतो, दिसत मात्र नव्हता.

आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा गाळाचा पट्टा, जमिनीखालचं पाणी खारं. तुम्ही यवतमाळ-वर्ध्याकडचे असाल तर तुमच्या काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी चवीला खारं लागणार नाही, पण जड असतंच. डाळ शिजायला वेळ लागतो की नाही ते घरात विचारा. दोन्हीकडे फिल्मवर डाग पडतात. ते टाळायला महागडं काही लागत नाही. फिल्मला सगळ्यात शेवटी जे पाणी लागतं तेवढं शुद्ध हवं, आणि ते लागल्यावर आपले हात आवरायला हवेत. बाकीचं सगळं याच दोन गोष्टींसाठी.

हा लेख कृष्णधवल फिल्मसाठी आहे. डेव्हलपरचा वेळ, तापमान वगैरे तुम्ही शिकला आहात असं धरून चालतो.

आधी डाग कोणता ते ओळखा

निगेटिव्ह ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, तो प्लास्टिकचा बेस. दुसरी जरा मंद असते, ती इमल्शनची बाजू, म्हणजे जिलेटिनचा थर, त्यातच चांदीचं चित्र असतं. चकचकीत बाजूला पांढरी कडा असलेले गोल दिसले तर ते वाळलेले क्षार आहेत. हे बहुतेक वेळा निघतात. मंद बाजूला, थेंबाच्या आकाराची, जरा खोलगट वाटणारी खूण दिसली तर ती वाईट. तिथे थेंब उशिरापर्यंत बसून राहिला, भोवतालचं जिलेटिन आधी वाळून आवळलं आणि थेंबाखालचं मागून. त्या जागी थरच वेगळा बसतो. धुऊन काढायला तिथे काही चिकटलेलंच नसतं.

तेलकट, लांबट ओघळ दिसले तर पाण्याला दोष देऊ नका, वेटिंग एजंट (पाण्याचे थेंब होऊ न देणारं, शेवटच्या पाण्यात घालायचं रसायन) जास्त पडलाय. आणि पूर्ण फिल्मच दुधाळ दिसत असेल तर तो डाग नव्हेच. फिक्सिंग कमी झालंय. रोल परत ताज्या फिक्सरमध्ये टाका आणि पुन्हा धुवा.

हे सांगायचं कारण असं की डेव्हलपर बदल, फिक्सर बदल, असं करत मी चार रोल वाया घालवले. डाग मात्र त्या सगळ्यांनंतर पडत होता.

जवळ काय काय हवं

- डेव्हलपिंग टँक आणि रील (ते तुमच्याकडे असणारच)
- डिस्टिल्ड पाणी, एका ३५ मिमी रोलला साधारण ६०० मिली
- वेटिंग एजंट: कोडॅकचं फोटो-फ्लो किंवा इलफर्डचं इलफोटॉल
- २ मिलीची सिरिंज, सुईशिवाय (मेडिकलमध्ये मिळते)
- अर्ध्या लिटरचा झाकणाचा डबा, फक्त याच कामासाठी
- थर्मामीटर
- दोन चिमटे, त्यातला एक जरा वजनदार
- धुतलेलं मलमलचं फडकं
- टिश्यू पेपर
- जमलं तर खिशात मावणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा)

डबा "फक्त याच कामासाठी" हे मी उगीच लिहिलेलं नाही. माझ्या डब्यात घरच्यांनी एकदा लोणचं भरलं होतं. नाव लिहून ठेवा.

१. पाणी आदल्या दिवशीच ठरवा

टीडीएस मीटर असेल तर घरातल्या सगळ्या पाण्यात बुडवून बघा. डोळे उघडतात. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घटक लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत म्हणतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे माणसाला चालणारं पाणी फिल्मला चालेलच असं नाही. हिशोब करून बघा. १५०० चं पाणी असेल तर ०.०५ मिलीच्या एका थेंबात ०.०७५ मिलिग्रॅम क्षार असतात. थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच, वर्तुळाची कडा धरून बसतात. पाणी ५ चं असेल तर त्याच थेंबात तीनशेपट कमी. डोळ्याला दिसणारच नाही.

आता कुठलं पाणी घ्यायचं ते बघू.

डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी सगळ्यात बरं. तालुक्याच्या गावी बॅटरीच्या दुकानात पाच लिटरची कॅन मिळते. दुकानात "बॅटरीचं पाणी" म्हणून मागाल तेव्हा सावध राहा. मी गेलो तेव्हा दुकानदारानं विचारलं, "भाऊ, पानी पाह्यजे का ॲसिड?" दोन्हीच्या कॅन शेजारी शेजारी, रंगही जवळपास सारखा. बॅटरीचं ॲसिड म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. फिल्म तर जाईलच, हात आणि डोळेही जातील. लेबल स्वतः वाचा. बिनलेबलची, सुटी भरून दिलेली कॅन घेऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असो. पाच लिटरमध्ये आठ रोल होतात.

आरओचं पाणी, म्हणजे गावात वीस लिटरच्या जारमध्ये येतं ते, मधल्या धुण्यांसाठी छान. शेवटच्या पाण्यासाठी वापरायचं असेल तर मीटर लावून मगच ठरवा. आमच्याकडे एकाच प्लांटचा जार एका आठवड्यात ६० दाखवतो आणि दुसऱ्या आठवड्यात १८०. मेंब्रेन कधी बदलली ते कोण विचारतं?

पावसाचं पाणी हा गावातला सगळ्यात फुकटचा उपाय. पहिले एक-दोन पाऊस जाऊ द्या, टिनावरची धूळ आणि पाखरांची घाण वाहून जाऊ द्या. मग जोराचा पाऊस सुरू होऊन अर्धा तास झाला की स्वच्छ बकेट लावा. चौपदरी मलमलमधून गाळून काचेच्या किंवा चांगल्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरा आणि अंधाऱ्या जागी ठेवा. महिनाभरात शेवाळ दिसलं तर टाकून द्या.

उकळलेल्या पाण्याबद्दल हमखास विचारतात. काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी बरंचसं बायकार्बोनेटमुळे जड असतं. ते दहा मिनिटं उकळून रात्रभर निवत ठेवलं तर चुना तळाशी बसतो आणि वरचं पाणी थोडं हलकं होतं. हलवायचं मात्र नाही, वरवर ओतून घ्यायचं. खारपाणपट्ट्यात हे करू नका. इथे मीठ आहे, मीठ उकळून जात नाही. उलट वाफ गेली की उरलेलं पाणी आणखी खारं होतं.

तुरटीनं गढूळपणा बसतो, क्षार नाही. कँडलच्या फिल्टरचंही तेच.

२. टांगायची जागा डेव्हलपर ओतण्याआधी तयार ठेवा

ओला रोल हातात घेऊन खिळा शोधत फिरलेला माणूस मी आहे, म्हणून हे दुसऱ्या नंबरवर.

छत्तीस फोटोंचा रोल साधारण १.६ मीटर लांब असतो. खालचा चिमटा धरून दोन मीटर उंचीवर तार हवी आणि फिल्म भिंतीला लागायला नको. न्हाणी उत्तम, कारण फरशी ओली असली की धूळ उडत नाही. अर्धा तास आधी फरशीवर आणि भिंतींवर पाणी मारा, दार लावून घ्या.

आपल्याकडे धुळीचे प्रकार ऋतूप्रमाणे बदलतात. दिवाळीच्या पुढेमागे घरातच कापूस भरलेला असतो. त्या खोलीत, किंवा तिच्या शेजारच्या खोलीतही रोल टांगू नका. सरकीवरचा बारीक तंतू हवेत तरंगत असतो आणि ओल्या जिलेटिनवर बसला की वाळून त्यातच रुतून बसतो. तो पुढे निघत नाही. तुरीचं कुटार उडत असेल त्या दिवशी तर रोल धुवायलाच घेऊ नका.

आणि उन्हाळ्यात कूलर. हा मला सापडायला एक अख्खा उन्हाळा लागला. डिस्टिल्ड पाणी वापरलं, वेटिंग एजंट मोजून घातला, तरी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. एका दुपारी कूलरच्या ताट्यांकडे लक्ष गेलं. वाळ्याच्या काड्या पांढऱ्याफटक. कूलर बोअरच्याच पाण्यावर चालतो आणि वाऱ्याबरोबर त्याच पाण्याचे बारीक तुषार खोलीभर फेकतो. आपल्याला गार वाटतं, फिल्मवर मात्र खाऱ्या पाण्याचा फवारा बसतो. रोल वाळेपर्यंत कूलर बंद. घरच्यांची बोलणी खायची तयारी ठेवा, नाहीतर पहाटे पाचला धुवा. पंखाही बंद. लाईट गेली तर पंखा-कूलरचा प्रश्नच मिटतो.

३. फिक्सरनंतरची धुणी

इथे चांगलं पाणी उधळायची गरज नाही. चित्रपटांत दाखवतात तशी नळाची धार तासभर सोडून ठेवायची चैन तर आपल्याला नाहीच. आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतो.

इलफर्डनं सुचवलेली पद्धत वापरा. टँकमध्ये फिल्मच्याच तापमानाचं पाणी भरा, ५ वेळा उलटसुलट करा, ओतून द्या. पुन्हा भरा, १० वेळा. पुन्हा भरा, २० वेळा. साधारण एक लिटरमध्ये काम होतं. ही पद्धत हार्डनर (जिलेटिन कडक करणारं रसायन) नसलेल्या फिक्सरसाठी आहे, तेवढं बाटलीवर बघून घ्या. मी चौथ्यांदाही भरतो आणि पाच मिनिटं तसंच ठेवतो. त्यानं रात्री झोप चांगली लागते.

या धुण्यांना बोअरचं पाणी चालतं का? चालतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात समुद्राच्या पाण्यात फिल्म-कागद धुताना असं लक्षात आलं की खाऱ्या पाण्यात हायपो (फिक्सरमधलं रसायन) उलट लवकर निघतो. फक्त त्यानंतर ते मीठ काढायला गोडं पाणी लागतं. म्हणजे आपलं बदनाम पाणी इथे कामाचं आहे. पण ते मलमलमधून गाळून घ्या. बोअरच्या पाण्यात बारीक रेती येते आणि ओलं जिलेटिन सायीसारखं मऊ असतं.

तापमानाकडे लक्ष द्या. मे महिन्यात छतावरच्या टाकीतलं पाणी हात लावू देत नाही. डेव्हलपर २० अंशांवर आणि धुवायला ४० अंशांचं पाणी, असं झालं तर जिलेटिन फुगतं, नाजूक होतं, ओरखडे लगेच पडतात, आणि फुगलेला थर पाणी जास्त धरतो म्हणून थेंबांच्या खुणाही जास्त. पाच अंशांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. लागणारं सगळं पाणी आदल्या रात्री माठात भरून ठेवा. माठातलंही गरम वाटलं तर बाटल्या बर्फाच्या घमेल्यात उभ्या करा. बर्फ घमेल्यातच राहू द्या, पाण्यात टाकू नका. तो बोअरच्याच पाण्याचा जमवलेला असतो.

४. डिस्टिल्ड पाण्यात एकदा नुसतं विसळा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सरळ वेटिंग एजंटवर येतात. गाळू नका. धुऊन झालेल्या फिल्मवर, रीलच्या खाचांमध्ये आणि खुद्द जिलेटिनच्या आत बोअरचं पाणी शिल्लक असतं. त्यावर डिस्टिल्ड पाणी ओतलं की दोन्ही मिसळतात आणि तुमच्या महागाच्या पाण्याचा मीटर वर चढतो. मी एकदा मोजलं. कॅनमध्ये ४ दाखवणारं पाणी टँकमधून ओतल्यावर ९० झालं होतं. त्या ९० मध्येच वेटिंग एजंट घातला असता तर?

म्हणून रील चांगलं निथळू द्या, ३०० मिली डिस्टिल्ड पाणी भरा, हळू हळू दहा-बारा वेळा उलटसुलट करा, दोन मिनिटं थांबा, ओतून द्या. पाणी २० अंशांच्या जवळपासच हवं. हे ओतलेलं पाणी बकेटमध्ये धरलं तर पुढच्या रोलच्या पहिल्या धुण्याला उपयोगी पडतं.

५. वेटिंग एजंट: थेंब मोजूनच

नुसतं पाणी, कितीही शुद्ध असलं, तरी फिल्मवर गोळा होतं. अळूच्या पानावर होतं तसं. वेटिंग एजंट पाण्याचा हा ताण मोडतो. मग थेंब न होता सगळीकडे पातळ पापुद्रा पसरतो, तो सलग खाली ओघळतो आणि फिल्म एकसारखी वाळते. मंद बाजूच्या त्या न निघणाऱ्या खुणांवर हाच खरा इलाज. शुद्ध पाण्यानं क्षार टळतात, थेंब टळत नाहीत.

फोटो-फ्लो २०० आणि इलफोटॉल दोन्हींचं प्रमाण १ ला २००. म्हणजे ३०० मिली पाण्याला १.५ मिली. सिरिंजनं मोजा. "झाकणभर" हे माप नव्हे. नव्यानं शिकणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. डाग पडला की पुढच्या वेळी एजंट दुप्पट, तरी पडला की चौपट. जास्तीचा एजंट उडून जात नाही, तो फिल्मवरच वाळतो आणि तेलकट ओघळ पडतात. फेसाची जाड साय आली म्हणजे जास्त झालं. मी उलट १ मिलीवर आलोय, पण तुम्ही सुरुवात १.५ नं करा.

क्रम असा. झाकणाच्या डब्यात आधी ३०० मिली डिस्टिल्ड पाणी घ्या, मग एजंट सोडा, चमच्यानं हळू फिरवा. फेटू नका, फेस होतो आणि फेसाचे बुडबुडे फिल्मवर बसून आपापली वर्तुळं सोडतात. आता रोल रीलवरून काढा आणि सैल गुंडाळी करून डब्यात सोडा. अर्धा ते एक मिनिट. दोन टोकं धरून एकदा वरखाली केलं की पुरे.

रीलसकट का नाही? प्लास्टिकच्या रीलला एजंट चिकटतो आणि पुढच्या वेळी फिल्म रीलमध्ये सरकता सरकत नाही, अंधाऱ्या पिशवीत घाम फुटतो. शिवाय टँकमध्ये उरलेला एजंट पुढच्या डेव्हलपरला फेस आणतो. स्टीलचं रील असेल तर इतकी काळजी नाही, गरम पाण्यानं धुतलं की झालं.

भांड्याचा साबण, शाम्पू, रिठा हे सगळं लोक सुचवतात. साबणात रंग, वास, मीठ आणि हाताच्या मऊपणासाठी काय काय घातलेलं असतं. रिठ्याच्या पाण्यात तर वाळलेला गर येतो. मी रिठा करून पाहिला आहे. निगेटिव्ह तपकिरी झाली. एक बाटली वेटिंग एजंट वर्षानुवर्षं पुरते, तिथे काटकसर नको.

वापरलेलं द्रावण ठेवू नका, प्रत्येक वेळी ताजं करा. विरल द्रावणात बुरशी धरते.

६. टांगणं

डब्यातून रोल सरळ वर उचला, झटकू नका. वरचं टोक चिमट्यात धरताना अगदी मधोमध न धरता एका कोपऱ्याला धरा. फिल्म किंचित तिरकी लोंबते आणि पाणी मधल्या चित्रावरून न येता कडेच्या भोकांकडे सरकत खाली येतं. एवढ्याशा युक्तीनं माझे निम्मे डाग गेले. खालच्या टोकाला वजनदार चिमटा लावा म्हणजे गुंडाळी होणार नाही.

दोन मिनिटांनी खालचं टोक बघा. तिथे पाणी साचतं. टिश्यूचा कोपरा फक्त कडेला टेकवा, पाणी आपोआप ओढलं जाईल. फिल्मवर टिश्यू फिरवायचा नाही.

७. पुसायचं की नाही?

यावर जुने लोक भांडतात. रबराच्या पट्ट्यांचे चिमटे मिळतात, काही जण शॅमॉय लेदर वापरतात, काही जण दोन बोटांची कात्री करून वरपासून खालपर्यंत ओढतात. माझं मत स्पष्ट आहे. आपल्या भागात काहीच फिरवू नका. रेतीचा एक कण रबराखाली सापडला तर वरपासून खालपर्यंत, छत्तीसही फोटोंवर एक सरळ रेघ ओढली जाते. डाग निदान एखाद-दुसऱ्या फोटोवर असतो.

अगदीच राहवत नसेल तर बोटं डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, वेटिंग एजंटच्या त्याच द्रावणात बुडवा, आणि एकदाच, हलक्या हातानं, वरून खाली. दुसऱ्यांदा नाही. नखं कापलेली हवीत. ४ आणि ५ व्या पायरीत कुचराई झाली नसेल तर याची गरजच पडत नाही.

८. वाळेपर्यंत दार उघडू नका

एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की पाऊण-एक तासात फिल्म वाळते. श्रावणात चार-पाच तास लागतात, झडीत कधी रात्रभर. पावसाळ्यात घाई म्हणून हेअर ड्रायर लावू नका, धूळ उडते आणि एक बाजू आधी वाळते. चुलीच्या उबेजवळही नको, काजळी येते.

वाळत असताना फिल्म इमल्शनच्या बाजूला वळते, पन्हाळीसारखी. पूर्ण वाळली की बरीच सरळ होते आणि बोटानं हलवली तर कागदासारखी कडकड वाजते. तेव्हाच कापा. जरा ओलसर असताना प्लास्टिकच्या खिशात सरकवलेली निगेटिव्ह खिशालाच चिकटते आणि तिथे दुसऱ्या प्रकारचा चकचकीत डाग पडतो.

डाग पडलेच तर

आधी चकचकीत बाजू. तोंडानं हलकी वाफ सोडा आणि चष्म्याच्या स्वच्छ मऊ कापडानं टिपा. फिकट गोल यानंच जातात. नाही गेले तर कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं किंचित ओलं करून त्याच बाजूवर फिरवा. हातावर चोळायचं सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं.

चुना पक्का बसला असेल तर पांढरा व्हिनेगर. एक भाग व्हिनेगर, चार भाग डिस्टिल्ड पाणी, त्यात निगेटिव्ह दोन मिनिटं बुडवा. घाबरू नका, स्टॉप बाथमध्येही बहुधा हेच ॲसेटिक ॲसिड असतं, तुमची फिल्म त्यातून एकदा जाऊन आलेली आहे. नंतर तिसऱ्या पायरीपासून सगळं पुन्हा करा: धुणं, विसळणं, वेटिंग एजंट, टांगणं. व्हिनेगर रंगाचं घेऊ नका, स्वयंपाकघरात कधी कधी तपकिरी असतं.

मंद बाजूच्या खुणेसाठी एकच प्रयोग आहे. २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा म्हणजे जिलेटिन पुन्हा सारखं फुगेल, मग नीट वाळवा. ताजी खूण असेल तर फिकी होते, कधी जाते, बरेचदा राहते. ती कापडानं घासायला जाऊ नका, घासलं की चित्रच निघतं.

स्कॅनर डाग आपोआप पुसेल या भरवशावर राहू नका. स्कॅनरमधली इन्फ्रारेड सफाई रंगीत फिल्मवर चालते. कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेडही अडवते, त्यामुळे डाग कुठला आणि बैल कुठला हे त्याला कळत नाही.

रंगीत फिल्म धुणाऱ्यांना दोन शब्द

सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची पद्धत) किटमध्ये शेवटी स्टॅबिलायझर किंवा फायनल रिन्सची बाटली येते. तिच्याऐवजी फोटो-फ्लो वापरू नका. त्या बाटलीत वेटिंग एजंट तर असतोच, पण फिल्म टिकावी म्हणून बाकीचंही काही असतं. ती पावडर किंवा बाटली फक्त डिस्टिल्ड पाण्यात कालवा, आणि त्यानंतर परत पाण्यानं धुवू नका, तशीच टांगा.

माझ्या पोळ्याच्या रोलमधल्या बेसच्या बाजूचे ठिपके व्हिनेगरनं गेले. इमल्शनच्या बाजूचे सात फोटो तसेच आहेत. काळा बैल त्या सातांत आहे.

कॅन उघडलीत की त्यावर तारीख लिहा आणि बूच लगेच लावा. त्यात सिरिंज, चमचा, काही बुडवू नका, लागेल तेवढं पाणी बाहेर ओतून घ्या. हा नियम घरच्यांनाही सांगा. आमच्याकडे इन्व्हर्टरची बॅटरी उतरली की बाबा माझीच कॅन उचलतात. त्याला हरकत नाही, पण एकदा त्यांनी ती बोअरच्या पाण्यानं विसळलेल्या मगात ओतली आणि उरलेलं परत कॅनमध्ये टाकलं. तेव्हापासून मी दोन कॅन आणतो. एकीवर लाल पेंटनं लिहिलं आहे: फिल्म.